दोनशेवरचा काटा

मित्रांनो, मी पाणबुड्यांचा एक जुना हवेचा काटा आहे. आयुष्यात मी एकदाही खोटे बोललेलो नाही. तरीही माझ्याच साक्षीवरून एका भल्या माणसाला भित्रा ठरवण्यात आले, आणि मला एक शब्दही बोलता आला नाही. आता मी एका दाराशेजारी भिंतीवर बसलो आहे. तुम्ही समोर उभे आहातच, तर ऐकून घ्या.

आधी माझे काम सांगतो. पाण्याखाली जाणारा माणूस पाठीवर हवेची टाकी घेऊन जातो. टाकीच्या डोक्यावर एक कॉक असतो. तो उघडला की हवा दोन नळ्यांतून धावते. एक नळी माणसाच्या तोंडाशी जाते, दुसरी माझ्याकडे येते. टाकी भरलेली असेल तर माझा काटा दोनशेवर असतो. हवा संपत जाते तसा तो खाली सरकतो, आणि पन्नासवर आला की मुकाट्याने वर यायचे. अगदी साधे काम आहे. पण त्या साध्या कामावर माणसाचा जीव टांगलेला असतो, म्हणून मला त्याचा फार तोरा होता.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथे एक चष्मेवाल्या बाई लांबलचक टेबलाशी बसून आम्हा काट्यांची परीक्षा घेत. त्या हवा सोडत, आकडा बघत आणि नापास काटा न बोलता टोपलीत टाकत. माझ्याकडे त्यांनी दोनदा पाहिले आणि म्हणाल्या, "हा पठ्ठ्या बरोबर सांगतो." तेवढ्या कौतुकावर मी पुढची वीस वर्षे काढली.

मी आलो तो समुद्रकाठच्या एका लहानशा डायव्हिंगच्या शाळेत. शाळा म्हणजे तीन खोल्या. पुढच्या खोलीत बाक आणि फळा, मधल्या खोलीत खुंट्यांना टांगलेले रबरी पोशाख आणि त्यांच्याखाली टपटप भरणाऱ्या बादल्या, मागच्या खोलीत दुरुस्तीचे टेबल. शाळा एक नवरा-बायको चालवत. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. तो शिकाऊ माणसांना पाण्यात नेई. बायकोला सगळे ताई म्हणत. नळ्या, झडपा, पट्टे, मी, सगळे तिच्या ताब्यात. रोज संध्याकाळी ती आम्हाला गोड्या पाण्याच्या टबात बुडवून धुई, कारण समुद्राचे मीठ एकदा आत शिरले की यंत्राचा घात करते. तिचा हात आईसारखा होता, पण तोंड मास्तरीणबाईचे. धुताना ती आमच्याशी बोले, "तुझी नळी परत पिळली का कुणी? सांगितलेलं ऐकत नाहीत मेले."

या शाळेची एक रीत होती. मास्तरच्या गुरूने ती घालून दिली होती. कॉक पूर्ण उघडायचा आणि मग अर्धा फेरा मागे घ्यायचा, म्हणजे तो अडकून बसत नाही. बोटीवर सगळे कॉक ताई उघडत असे. उडी मारण्याआधी मास्तर प्रत्येकाच्या पाठीमागे जाऊन पुन्हा हात लावून बघे. कॉक उघडण्याच्या बाजूला थांबेपर्यंत फिरवायचा, परत अर्धा फेरा मागे. दोघांचे हात लागल्याशिवाय कोणी पाण्यात उतरत नसे. दोघांनाही त्याचा अभिमान होता, आणि मलाही वाटे की मी भल्या घरात पडलो.

ताईला एक धाकटा भाऊ होता. तो घड्याळजी होता. बाजारात जिन्याखाली त्याचे इवलेसे दुकान होते. एकदा माझी काच चरे पडून अंधूक झाली, तेव्हा ताई मला त्याच्याकडे घेऊन गेली. त्याने डोळ्याला भिंग लावले, मला उलटेसुलटे केले, मऊ पिवळ्या फडक्याने अर्धा तास माझी काच घासली. मग म्हणाला, "ताई, काटा जागचा हलला की त्याला काहीतरी सांगायचं असतं. माणसं आकडा बघतात, हलणं बघत नाहीत." त्या दिवशी मला पहिल्यांदाच वाटले की कोणीतरी आपल्याला ओळखले. 

हा घड्याळजी पाण्याला भयंकर भीत असे. लहानपणी हौदात पडला होता, तेव्हापासून त्याने धसकाच घेतला होता. मेहुणा असा सापडल्यावर मास्तर कशाला सोडतो? "या शूरवीर! पाऊस थांबला म्हणून बाहेर पडलात वाटतं," असे म्हणून तो त्याचे स्वागत करी. घड्याळजी हसून म्हणे, "दाजी, तुम्ही पाण्यात राहा, मी वेळेवर राहतो."

त्याला एकच मुलगी. एक क्षण गप्प बसत नसे म्हणून त्याने तिचे नाव टिकटिक ठेवले होते. ती चौदा वर्षांची असताना तिने शाळेच्या वहीत वडिलांवर निबंध लिहिला. त्यात सगळे चांगले लिहून शेवटी एक ओळ टाकली, 'माझे बाबा पाण्याला घाबरतात, पण माझ्यासाठी ते पाण्यातही येतील.' घड्याळजीने ती ओळ वाचली, दुकान लवकर बंद केले आणि थेट आमच्या दारात येऊन उभा राहिला. "दाजी, शिकवा मला. हसायचं नाही."

मास्तर हसला नाही. त्याने सहा आठवडे मेहुण्याला जिवापाड शिकवले. पहिल्या दिवशी छातीएवढ्या तलावात घड्याळजीचे पाय असे लटपटत होते की नळीच्या टोकाला मीसुद्धा थरथरत होतो. पण तो चिकाटीचा माणूस. तो पाण्याखाली दर मिनिटाला माझ्याकडे बघे. मास्तर चिडवत असे, "अरे मासे बघ, मासे! घड्याळ काय बघतोस?" सहाव्या आठवड्यात त्याचे पाय थांबले. मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे कोणी ते आठवले नाही. त्याची भीती गेली होती. मी त्याच्या छातीपाशी लटकत होतो, मला कळत होते.

शेवटच्या दिवशी सकाळी बोट निघाली. ताईने कॉक पूर्ण उघडला, अर्धा फेरा मागे घेतला आणि भावाच्या पाठीवर थाप मारून इंजिनापाशी गेली. बोट डुलत होती. मास्तर आला. एरवी तो पाठीमागे जाऊन उभा राहत असे. त्या दिवशी त्याला मेहुण्याचे एवढे कौतुक वाटत होते की तो समोरूनच आला आणि त्याने त्याला कडकडून मिठी मारली. मिठीतच त्याचा हात खांद्यावरून पाठीमागे गेला आणि कॉकवर पडला.

समोरून हात घातला की बाजू उलटी होते. मास्तरने उघडायचा म्हणून फिरवला तो कॉक बंद होत गेला. एरवी अर्ध्या फेऱ्यात थांबणारा कॉक फिरतच राहिला, तेव्हा मास्तरला वाटले, अरे, हा तर उघडलेलाच नाही! तो थांबेपर्यंत त्याने तो फिरवला, रीतीप्रमाणे अर्धा फेरा मागे घेतला आणि मोठ्याने म्हणाला, "अगं, भावाच्याच टाकीचा कॉक उघडायला विसरलीस की काय? बरं झालं मी पाहिला!"

ताई इंजिनापाशी उभी राहूनच म्हणाली, "मी उघडला होता."

"राहू दे, राहू दे. उघडला आता मी."

बोटीवर आणखी दोघे शिकाऊ होते. चारचौघांत नवऱ्याशी वाद नको, म्हणून ताई गप्प बसली. घड्याळजी हसला. म्हणाला, "तुमचं घरी जाऊन चालू द्या. मला आधी मासे बघू द्या."

कॉक आता फक्त अर्धा फेरा उघडा होता. टाकी भरलेली, म्हणून मी दोनशे दाखवत होतो. ते खरेच होते. घड्याळजीने तोंडाला नळी लावून एक श्वास घेतला. माझा काटा किंचित खाली झुकला आणि परत वर आला. मी हललो होतो, मित्रांनो. पण तेव्हा तो बहिणीकडे बघून हात हलवत होता. काटा हलला की ऐकायचे असते हे जाणणारा एकच माणूस त्या बोटीवर होता, आणि नेमक्या त्या श्वासाला त्याची नजर दुसरीकडे होती.

वरच्या पाण्यात अर्ध्या फेऱ्यावर भागले. पण खोल गेले की दाब वाढतो, प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते, आणि अर्ध्या उघड्या कॉकमधून ती तेवढ्या वेगाने येत नाही. पंधरा मीटरवर प्रवाह लागला, त्याला जोराने पाय मारावे लागले आणि श्वास जड झाला. आता त्याने माझ्याकडे पाहिले. श्वास घेतला की मी धाडकन शंभराच्या खाली जात होतो, श्वास थांबला की पुन्हा वर. त्याने दोनदा नीट पाहिले. तो अजिबात गडबडला नाही. त्याने मला हातात धरले, मास्तरपाशी पोहत गेला आणि मला त्याच्या चेहऱ्यासमोर धरले.

आणि मला नीट धरून ठेवण्याच्या प्रयत्नात त्याने श्वास रोखला.

मी स्थिर झालो. भरलेल्या टाकीचा सरळ, चोख आकडा. मास्तरने क्षणभर पाहिले, अंगठा आणि बोट जुळवून 'ठीक आहे' अशी खूण केली आणि वळला. मला ओरडावेसे वाटत होते, पण काट्याला आवाज नसतो. घड्याळजीने त्याचा पाय धरायला हात पुढे केला, तो पोहोचला नाही. पुढच्या श्वासाला हवा आलीच नाही. तेव्हा मात्र त्याने जे कोणीही केले असते तेच केले. तोंडातली नळी काढली आणि श्वास कोंडून, सगळा जीव एकवटून वर झेपावला. खोलवरून श्वास कोंडून असे वर येऊ नये. छातीतली हवा फुगत जाते आणि फुप्फुस फाटते. हे त्याला शिकवले होते. पण हवाच नसताना शिकवलेले आठवत नाही.

त्याला बोटीवर घेतले तेव्हा तो गेला होता. ताईने त्याचे पट्टे सोडवले. सवयीने तिच्या हातांनी आणखी एक काम केले. टाकी खाली ठेवण्याआधी कॉक बंद केला. अर्धा फेरा फिरला आणि थांबला. ताईचे मनगट तिथेच राहिले. तिने कॉककडे पाहिले, मग माझ्याकडे. मी एकशे सत्तर दाखवत होतो.

चौकशी झाली. सरकारी माणसे आली, त्यांनी मला टेबलावर ठेवून माझा आकडा लिहून घेतला. अहवालात आले की टाकीत भरपूर हवा होती, उपकरणात दोष नव्हता, नवशिका माणूस घाबरला. ताईला विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "कॉक मी बंद केला." किती फेरे, हे कोणी विचारले नाही. बाजारात लोक हळहळले. "आधीपासूनच भित्रा होता बिचारा," असे म्हणाले. त्यांना वाईट म्हणायचे नव्हते, पण ते शब्द जिन्याखालच्या दुकानावर पाटीसारखे लागून राहिले. मास्तर महिनोन् महिने एकच वाक्य बोलत राहिला, "त्यानं मला काटा दाखवला होता गं. मी बघितला होता. भरलेला होता."

सामान परत आले त्या दुपारी ताईने मागच्या खोलीचे दार लावून घेतले. मला एका भरलेल्या टाकीला जोडले आणि कॉक अर्धा फेरा उघडला. नळी तोंडाला लावून तिने जोरजोरात श्वास घेतले. मी खाली गेलो, वर आलो. मग तिने श्वास रोखला. मी दोनशेवर उभा राहिलो. तिने नळी खाली टाकली आणि बादल्यांच्या मध्ये जमिनीवर बसून ओढणी तोंडात कोंबून रडली. नंतर मला फडक्यात गुंडाळून खणात ठेवले. खण बंद करताना पुटपुटली, "भाऊ गेला. नवऱ्याला नाही घालवणार मी."

चार वर्षे मी अंधारात होतो. बाहेर कोणी शिकायला आले की बोटीवर काय चालते हे मला खणातूनही ठाऊक होते, कारण ताई रोज संध्याकाळी बोलत असे. मास्तरचा हात लागून झाल्यावर ती काहीतरी निमित्त काढून प्रत्येकाच्या मागे जाई आणि तिसऱ्यांदा कॉक बघे. त्या तिसऱ्या हाताने ती म्हातारी झाली.

मग एक दिवस टिकटिक आली. अठरा वर्षांची झाली होती आणि आता मुळीच बडबड करत नव्हती. म्हणाली, "आत्या, मला शिकायचंय. लोक म्हणतात बाप घाबरून मेला तुझा. मला बघायचंय तिथं घाबरण्यासारखं काय आहे." ताईने नाही-नाही म्हटले, पण मास्तरने तिला शिकवायला घेतले. शेवटच्या दिवशी तिने स्वतःच खण उघडला. "बाबांनी पुसलेला काटा हाच ना? मी हाच घेणार."

पुन्हा तीच बोट. ताईने कॉक उघडला आणि इंजिनापाशी गेली. मास्तर आला. पोरगी समोर उभी होती, हुबेहूब बापासारखी. त्याला राहवले नाही. त्याने तिला जवळ घेतले आणि त्याचा हात तिच्या खांद्यावरून पाठीमागे गेला.

"हात लावू नका!"

ताईचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मास्तर दचकला. "अगं, काय झालं?"

"समोरून हात लावू नका. त्याला लावला होतात तसा."

"त्या दिवशी तू उघडायला विसरली होतीस..."

"मी विसरले नव्हते."

मास्तरचा हात हवेत तसाच राहिला. मग ती बोटे हवेतच फिरली, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. तो टिकटिकच्या मागे गेला आणि तिथे उभा राहून पुन्हा हवेत हात फिरवला. मग त्याने हात खाली घेतला. 

"किती उघडा होता?" त्याने विचारले.

"अर्धा फेरा. वर आल्यावर मीच बंद केला ना."

"पण त्यानं काटा दाखवला होता. भरलेला होता."

"श्वास धरून दाखवला त्यानं. मी करून बघितलंय."

टिकटिकने माझ्याकडे पाहिले, मग आत्याकडे. "म्हणजे बाबा घाबरले नव्हते."

"नाही गं. त्याला हवाच येत नव्हती."

"आणि हे तुला चार वर्षं माहीत होतं."

टिकटिकने स्वतःचे पट्टे स्वतः सोडले. मग मास्तरसमोर उभी राहून तिने एकच गोष्ट विचारली, "काका, बाबांनी काटा दाखवला तेव्हा किती वेळ बघितलात?"

मास्तर म्हणाला, "क्षणभर."

बोट बंदराच्या धक्क्याला लागेपर्यंत ती मला मुठीत धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर त्या चौकशीच्या कचेरीत गेला आणि सगळे लिहून दिले. मग बाजारात गेला. दुकानादुकानात थांबून म्हणाला, "माझा मेहुणा घाबरला नव्हता. कॉक माझ्या हातानं फिरला होता." काहींनी पाणी दिले, काहींनी तोंड फिरवले. त्यानंतर तो पाण्यात उतरला नाही. शिकवायला आता दुसरे लोक आहेत, आणि 'अर्धा फेरा मागे' ही रीत या शाळेत बंद झाली आहे. कॉक पूर्ण उघडा नाही तर पूर्ण बंद, आणि जो पाण्यात जाणार तोच शेवटी माझ्या भावंडांकडे बघत श्वास घेणार.

मला मास्तरने इथे दाराशेजारी, एका टाकीला जोडून बसवले. त्या टाकीचा कॉक तो मुद्दाम अर्धा फेराच उघडतो. प्रत्येक नवशिक्याला तो स्टुलावरून सांगतो, "नळी तोंडाला लाव. काट्यावरची नजर हलवायची नाही. तीन श्वास घे, जोरात." काटा खाली आपटतो आणि पोरे चपापतात. "आता श्वास धर." मी दोनशेवर. "बघितलंस? असा दिसतो तो."

टिकटिक पाण्यात उतरली नाही. ती वडिलांचे दुकान चालवते. दर वर्षी त्या तारखेला येते, आत्याशी दोन शब्द बोलते, मास्तरशी एकही नाही, आणि बापाच्या पिवळ्या फडक्याने माझी काच पुसते. यंदा ती पुसत असताना एका नवशिक्याने मास्तरला विचारले, "हे तीन श्वासांचं तुम्हाला कोणी शिकवलं?"

मास्तर म्हणाला, "माझ्या मेहुण्यानं. त्यानं दाखवलं होतं. मीच नीट बघितलं नाही."

माझ्या काचेवरचे फडके थांबले. तिने मास्तरला माफ केले की नाही, हे मला सांगता येणार नाही. मला फक्त हवा मोजता येते. थोड्या वेळाने फडके पुन्हा फिरू लागले.

मित्रांनो, आता तुमची पाळी. यंत्रे धुऊन ठेवा, कोणी मदत केली तरी शेवटचा हात आणि शेवटची नजर स्वतःची असू द्या. आणि पाण्याखाली कोणी तुमच्यासमोर काही धरले, तर क्षणभर बघून 'ठीक आहे' म्हणू नका. थांबा. त्याला एक श्वास घेऊ द्या, आणि तो श्वास घेत असताना बघा.